पॉइंटांची नावं

यंदा जानेवारीत चार दिवस महाबळेश्वरला जाऊन आलो. आता महाबळेश्वरबद्दल काय लिहायचं, असं तुम्ही म्हणाल. शाळेच्या सहलीबरोबर एकदा, लग्न झाल्यावर एकदा आणि पाहुणे आले म्हणून एकदा, अशा तीन फेऱ्या बहुतेक मराठी माणसांच्या नशिबी असतातच. माझ्याही झाल्या होत्या. पण या वेळची फेरी जरा वेगळी झाली. का, ते सांगतो.

आम्ही चौघं होतो. मी, बायको, आठवीतली लेक आणि आई. आई आता चौऱ्याहत्तरची आहे. निघण्यापूर्वीच तिनं अट घातली होती. "मला पळवू नका. एका जागी बसवा, ऊन दाखवा, चहा द्या. बाकी तुमचे पॉइंट तुम्ही बघा." त्यामुळे सहल अगदी निवांत झाली. सकाळी साडेनऊशिवाय कुणी खोलीबाहेर पडलं नाही, आणि एका दिवसात दोनपेक्षा जास्त ठिकाणं बघायची नाहीत असं ठरलं.

वाई सोडून पसरणीचा घाट चढलो, पाचगणी मागे टाकली, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना स्ट्रॉबेरीची शेतं सुरू होतात. उंच गादीवाफे, त्यांवर अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद, कागदाला पाडलेली भोकं आणि प्रत्येक भोकातून डोकावणारं एक रोप. वाफ्यांमधून ठिबकच्या नळ्या. एका शेतावर थांबलो. मालकीणबाईंनी लेकीच्या हातात टोपली दिली आणि म्हणाल्या, "पूर्ण लाल झालेलीच तोड गं, खांद्याशी पांढरी असली तर राहू दे." लेकीनं टोपलीत टाकली त्यापेक्षा तोंडातच जास्त टाकली. या फळाला २०१० साली 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी' म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आणि गंमत बघा. हे फळ मूळचं इथलं तर नाहीच, पण ज्या युरोपातून ते आपल्याकडे आलं तिथलंही पूर्ण नाही. १७१४ साली फ्रेझिए नावाच्या एका फ्रेंच अधिकाऱ्यानं चिलीहून मोठ्या फळांची रोपं फ्रान्सला नेली, उत्तर अमेरिकेतून आलेल्या दुसऱ्या जातीशी तिथे त्यांचा संकर झाला, आणि आज आपण जी स्ट्रॉबेरी खातो ती जन्माला आली. म्हणजे दोन अमेरिकन आईबाप, जन्म फ्रान्सचा आणि नाव महाबळेश्वरचं!

नावांचा किडा माझ्या डोक्यात शिरला तो इथेच.

दुसऱ्या दिवशी टॅक्सी ठरवली. टॅक्सीवाल्यानं पॉइंटांची छापील यादी पुढे केली. लेकीनं ती लगेच वहीत उतरवून घेतली. बघून झालं की समोर बरोबरची खूण करायची, हा तिचा उद्योग. वाचता वाचता ती म्हणाली, "बाबा, ही सगळी इंग्रज माणसांचीच नावं आहेत का?" एल्फिन्स्टन, आर्थर, विल्सन, बॅबिंग्टन, लॉडविक, केट... मी म्हटलं, जवळजवळ सगळी. केट ही तर गव्हर्नर माल्कमची मुलगी म्हणतात. त्या जागेला आधी नाके खिंड म्हणत. विल्सन पॉइंट म्हणजे मूळचा सिंदोळा. डोंगर तेच, कडे तेच, बदलली ती फक्त हाक मारायची पद्धत.

लॉडविक पॉइंटला आईला एका दगडावर उन्हात बसवलं आणि आम्ही तिघं टोकापर्यंत गेलो. तिथे एक स्तंभ आहे. पीटर लॉडविक हा कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी. १८२४ साली तो हे डोंगर चढून आला आणि युरोपियनांपैकी इथे पाय ठेवणारा पहिला ठरला. पुढे तो साताऱ्याला रेसिडेंटही होता. १८७३ साली, नव्वदाव्या वर्षी, फ्रान्समध्ये वारला, आणि पुढच्याच वर्षी त्याच्या मुलानं बापाच्या आठवणीसाठी हा स्तंभ उभारला. मुलानं बापासाठी केलेली गोष्ट आहे, मला तिच्यात वावगं काही वाटत नाही. पण 'पहिला' हा शब्द मात्र मनात राहिला. खाली क्षेत्र महाबळेश्वरला देवळं कित्येक शतकं उभी आहेत. ६ जानेवारी १६६५ रोजी शिवाजी महाराजांनी इथेच जिजाऊंची सुवर्णतुला केली. डोंगरउतारावर कुमरी करून, म्हणजे राब जाळून, नाचणी आणि वरी पिकवणारी माणसं तर त्याच्याही आधीपासून होती. या सगळ्यांनंतर आलेला हा पहिला माणूस!

असो. आता खऱ्या गोष्टीकडे येतो.

महाबळेश्वर वसवलं ते सर जॉन माल्कमनं, असं आपण पाठ केलेलं असतं. ते खोटं नाही. माल्कम १८२७ ते १८३० मुंबईचा गव्हर्नर होता. आजारी गोऱ्या सैनिकांना हवापालटासाठी त्याला थंड जागा हवी होती. साडेचार हजार फुटांवरची ही जागा त्याच्या मनात भरली. पण जागा त्याची नव्हती. ती होती साताऱ्याच्या छत्रपतींची, प्रतापसिंह महाराजांची. १८२९ साली करार झाला, महाराजांनी हा डोंगर कंपनीला दिला आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव घेतलं. नव्या वसाहतीचं नाव पडलं माल्कमपेठ.

प्रतापसिंह हा काही नुसता नावाचा राजा नव्हता. साताऱ्यात रस्ते, पाणी, शाळा, छापखाना अशा कितीतरी गोष्टींत त्यांनी जातीनं लक्ष घातलं. १८१८ साली इंग्रजांनीच त्यांना पेशव्यांच्या ताब्यातून सोडवून गादीवर बसवलं होतं, त्यामुळे इंग्रज शब्द पाळतील असा त्यांचा भरवसा होता. डोंगर देऊन दहा वर्षं झाली, आणि पोर्तुगीजांशी संधान बांधलं, कंपनीच्या शिपायांना फितवलं असे आरोप त्यांच्यावर ठेवले गेले. १८३९ साली नवा गव्हर्नर आला, सर जेम्स रिव्हेट कार्नॅक. तो स्वतः साताऱ्याला गेला. तुम्ही करार मोडलात एवढं लिहून द्या, गादी राहील, असा त्याचा प्रस्ताव. महाराजांनी सही केली नाही. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला गेलेले रंगो बापूजी तेरा-चौदा वर्षं लंडनमध्ये दारं ठोठावत राहिले. महाराज १८४७ साली काशीतच वारले.

आणि आता ऐका. महाबळेश्वरच्या जुन्या पुस्तकांत पॉइंटांची जी यादी आहे, तिच्यात एक 'कार्नॅक पॉइंट' आहे! ज्यांनी डोंगर दिला, त्यांची गादी काढून घेणाऱ्याचं नाव त्याच डोंगराच्या एका टोकाला. आमच्या टॅक्सीवाल्याच्या यादीत तो नव्हता, हेही सांगून ठेवतो. मुंबईतल्या कार्नॅक पुलाचं नाव २०२५ साली बदलून सिंदूर पूल झालं, तेव्हा हे नाव आणि प्रतापसिंहांची हकीकत पुन्हा थोडी चर्चेत आली होती.

संध्याकाळी वेण्णा तलावावर गेलो. लेकीला बोटीत बसायचं होतं, आईला काठावरचं गरम कणीस. तलाव १८४२ सालचा. तो बांधवला आप्पासाहेबांनी, म्हणजे प्रतापसिंहांना काढून इंग्रजांनी ज्यांना गादीवर बसवलं त्या त्यांच्या धाकट्या भावानं. हे आप्पासाहेब १८४८ साली औरस वारस नसताना वारले, त्यांचा दत्तक नामंजूर झाला, आणि डलहौसीनं राज्यच खालसा केलं. एका भावाचा डोंगर गेला, दुसऱ्याचा तलाव राहिला, राज्य दोघांचंही गेलं. मी हे सगळं सांगत होतो आणि लेक वल्ह्याच्या बोटीकडे बघत होती. तिचंही बरोबर होतं म्हणा.

तिसऱ्या दिवशी बाजारात भाजी घ्यायला गेलो. सहलीत भाजी कसली, असं विचारू नका. आमच्या आईला कुठल्याही गावची मंडई बघितल्याशिवाय ते गाव बघितल्यासारखं वाटत नाही. पाल्यासकट बांधलेल्या गाजरांच्या जुड्या, लालभडक मुळे, माती लागलेले बटाटे. आईनं एक बटाटा हातात घेऊन नखानं साल खरवडून बघितली. "माती चांगली आहे हो इथली," ती म्हणाली. "कुणी लावायला शिकवलं असेल यांना बटाटा?"

प्रश्न सहज होता, पण उत्तर माझ्याकडे होतं. १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्ये ते आहे, आणि आदल्याच रात्री मी ती पानं मोबाइलवर चाळली होती. इथे बटाटे आणि विलायती भाज्या रुजवण्यात मोठा हात होता तो चिनी कैद्यांचा. मलाक्का-सिंगापूरकडच्या इंग्रजी वसाहतींत शिक्षा झालेल्या चिनी आणि मलायी माणसांना जहाजात घालून मुंबई इलाख्यात आणत. त्यांच्यासाठी १८३० च्या दशकात महाबळेश्वरला तुरुंग होता. ते रस्त्यांची कामं करत, वेताच्या टोपल्या विणत आणि साहेबांच्या टेबलासाठी भाज्या पिकवत. ओढ्याचं पाणी वळवायचं, उताराला वाफे बांधायचे, खत घालायचं, हे त्यांच्या हातातलं काम. १८६४ साली तुरुंग बंद झाला. भाजी राहिली.

बटाटा हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, पीक दक्षिण अमेरिकेतलं, इथल्या मातीत ते लावणारे हात चिनी. आणि आपण तो उपासाला खातो!

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग बटाटा पिशवीत टाकत म्हणाली, "आणि त्यांची घरची माणसं? ती तिकडंच?"

मला काही बोलता येईना. बटाट्याचं मी वाचलं होतं, माणसांचं नव्हतं. त्यांच्या नावाचा एकही फलक मला गावात दिसला नाही. एक धबधबा तेवढा आहे, 'चायनामन्स फॉल'. त्यांच्या बागांच्या आसपासचा. आणि दुसरा एक आहे, 'धोबी फॉल'. लेकीनं ही दोन्ही नावं वहीत लिहिली आणि तीच म्हणाली, "बाबा, साहेबांच्या पॉइंटला साहेबाचं नाव, आणि यांच्या धबधब्याला नुसतं चिनी आणि धोबी?"

इतका वेळ मी जे शोधत होतो ते पोरीनं एका वाक्यात सांगून टाकलं. ज्याच्या हातात नकाशा असतो त्याला नाव मिळतं. ज्याच्या हातात कुदळ असते त्याची जात किंवा धंदा लिहून भागतं.

त्या दिवशी दुपारी क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचं पाणी एका गोमुखातून पडतं. आईनं ओंजळ धरली, डोळ्यांना पाणी लावलं, आणि कुणालाही उद्देशून नाही असं म्हणाली, "कोयनामाय." मग माझ्याकडे वळली. "उद्या तापोळ्याला नेशील का?"

इथे थोडं थांबून सांगायला हवं. माझ्या आईचं माहेर कोयनेच्या काठचं. आमचं आजोळ कुठलं, असं लहानपणी विचारलं की उत्तर यायचं, "धरणात गेलं." आम्हाला ते गावाचं नावच वाटायचं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला कोयनेचं पाणी अडलं तेव्हा शंभराच्या आसपास गावांना त्याची झळ लागली. आई तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. गाव उठलं, काही घरं रायगड जिल्ह्यात गेली, काही आणखी कुठे. तिच्या वडिलांनी नव्या जागी भात लावायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्या धरणाच्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालले, आमच्या घरातले दिवेही लागले. पूर्वेला वाहत कऱ्हाडला कृष्णेला मिळणारी कोयना, तिचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे सोडलं. इंजिनिअरिंगचा तो मोठा पराक्रम आहे, आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. पण धरणग्रस्तांची पुढची पिढीही पुनर्वसनाच्या प्रश्नांसाठी आंदोलनाला बसत आली आहे, हेही तितकंच खरं आहे. साठ वर्षांत आई एकदाही त्या बाजूला गेली नव्हती.

तापोळा महाबळेश्वरपासून पंचवीसेक किलोमीटर. रस्ता सारखा उतरत जातो. थंडी कमी होते, झाडी दाट होते, आणि एका वळणावर शिवसागर जलाशय एकदम समोर येतो. धरणाच्या भिंतीपासून इथपर्यंत पन्नास किलोमीटरच्या आसपास पसरलेलं हे पाणी. पाट्यांवर लिहिलेलं असतं, 'मिनी काश्मीर'. हेही एक नावच की.

बोट ठरवली. नावाडी पंचविशीतला पोरगा. त्यानं सवयीनं सुरुवात केली, "इथनं त्रिवेणी संगम दाखवतो, मग..." आई म्हणाली, "ते राहू दे बाळा. तू नुसता त्या दोन डोंगरांच्या मधल्या अंगाला ने." तिची भाषा बदललेली मला जाणवली. त्यानं वळून बघितलं. "आज्जी, तुमचं गाव कंचं?" तिनं सांगितलं. तो म्हणाला, "आमचं पल्याडचं." मग त्यानं पुढचं काही विचारलं नाही. इंजिन मात्र हळू केलं.

पाणी हिरवंगार आणि अगदी स्तब्ध होतं. आईला खालचं काही ओळखू येण्यासारखं नव्हतंच, ती वर बघत होती. डोंगरांच्या कडा जुळवत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "हितं. बंद कर जरा."

इंजिन बंद झालं. आईनं नातीला जवळ घेतलं आणि बोटानं पाण्यावर दाखवायला सुरुवात केली. इथे आंब्याचा माळ. तिथे म्हसोबाचं खाचर, त्यात पाणी कधी आटायचं नाही. त्या बाजूला सतीची पाणंद, तिथून शाळेत जायचो. वडाचं टेप, त्याच्यावर नाचणी. खाली कोंड, त्यात पोरं पोहायची, पोरींना जायची बंदी, "पण मी जायची." आवाज जरासुद्धा हलला नाही. अगदी आपलं घर पाहुण्याला दाखवावं तसं. मला या नावांपैकी एकही ठाऊक नव्हतं. पंचेचाळीस वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं! लॉडविक कुठे मेला ते मला माहीत होतं.

परत येताना आईनं पोराला ठरल्यापेक्षा शंभर रुपये जास्त दिले. तो घेईना. म्हणाला, "गाववाल्याकडनं कसले." शेवटी तिनं ते त्याच्या खिशात कोंबले आणि "आईला साडी घेशील का, न्हाई तर चहा तरी पी" असं म्हणून विषय संपवला.

रात्री खोलीवर आई लवकर झोपली. मला वाटत होतं ती काही बोलेल, रडेल. तसं काही झालं नाही. झोपण्यापूर्वी एवढंच म्हणाली, "डोंगर हलले न्हाईत बघ."

प्रतापसिंहांचं नाव एखाद्या पॉइंटला द्यावं का, कार्नॅकचं पुसावं का, यावर माझं ठाम मत नाही. पाट्या बदलल्यानं चिनी कैद्यांची नावं परत येणार नाहीत. पण परत कधी महाबळेश्वरला गेलात तर टॅक्सीवाल्याला सरळ विचारा, या पॉइंटाला तुझी आजी काय म्हणायची? आणि घरी कुणी उठलेल्या गावातलं असेल तर त्यांना आधी विचारा. ती यादी कुठे छापलेली मिळत नाही.

निघायच्या सकाळी लेकीची वही टेबलावर उघडी होती. टॅक्सीवाल्याची यादी, समोर बरोबरच्या खुणा, दोन पॉइंट राहिलेले. त्याखाली रेघ मारून तिनं आणखी पाच नावं लिहिली होती. आंब्याचा माळ, म्हसोबाचं खाचर, सतीची पाणंद, वडाचं टेप, कोंड.

त्यांच्यापुढेही बरोबरची खूण होती.